पश्तो म्हणी की लंडी: आधी काय वाचावं?

पश्तो, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानातल्या पश्तून लोकांची भाषा. तिच्या लोकसाहित्यातले प्राणी आणि बाई-पुरुष भेद हा विषय अभ्यासाला घेतला, की दोन साधनं समोर येतात. एक 'मतल', म्हणजे म्हण. दुसरं 'लंडी', म्हणजे दोन ओळींचं लोककाव्य. पेशावरकडे त्यालाच टप्पा म्हणतात.

प्राणी हवे असतील तर म्हणी घ्या. उंटाला विचारलं, मान वाकडी का? तो म्हणाला, माझं सरळ काय आहे? दुसरी म्हण विचारते, कोंबडा आरवला नाही तर उजाडणार नाही का? (इथे आपलं झाकलेलं कोंबडं आठवतंच.) पश्तोत नर-मादी शब्दाच्या रूपावरूनच कळतात: चर्ग कोंबडा, चर्गा कोंबडी, आस घोडा, आस्पा घोडी. इंग्रजी भाषांतरात हा भेद बऱ्याचदा पुसला जातो, म्हणून मूळ पाठ हवाच. थॉर्बर्न या इंग्रज अधिकाऱ्याच्या बन्नू (आता पाकिस्तानातला पश्तून जिल्हा) या भागावरच्या 1876 च्या पुस्तकात हा पाठ मिळतो. अर्थ लावणारा माणूस राज्यकर्त्यांपैकी होता, एवढं भान मात्र ठेवावं.

म्हणींसोबत नावंही पाहावीत, असं मी आग्रहाने सांगेन. मुलाचं नाव बाझ, म्हणजे ससाणा, किंवा झमरय, म्हणजे सिंह. मुलीचं झरका, म्हणजे चकोर, किंवा होसई, म्हणजे हरिणी. शिकार करणारे एकीकडे, शिकार होणारे दुसरीकडे! खुशालखान खटक (1613–1689) या सरदार-कवीने तर ससाणे पाळण्यावर 'बाझनामा' लिहिला. या समाजात ससाणा रोजच्या पाहण्यातला होता, नुसता कवितेतला नव्हता.

पण म्हणींमध्ये बाईबद्दल बोललं जातं. 'बाई घरात बरी, नाहीतर कबरीत' हे तिचं स्वतःचं म्हणणं खासच नव्हे. लंडीत ती स्वतः बोलते. पहिल्या ओळीत 9 अक्षरं, दुसरीत 13, रचणारीचं नाव नाही. एका प्रसिद्ध लंडीचा आशय असा: बहिणी जमल्या की भावांचं कौतुक करतात, भाऊ जमले की बहिणींना विकतात. इथे प्राण्याचा आडपडदा लागतच नाही. बायकांच्या लंड्या गोळा करणारे बहाउद्दीन मजरूह यांची फेब्रुवारी 1988 मध्ये पेशावरात हत्या झाली. त्यांचं संकलन भाषांतरातही वाचायला मिळतं.

निबंध प्राणिरूपकांपुरता असेल तर म्हणी आणि नावं पुरतील. पश्तून बायका स्वतःकडे कसं पाहतात याबद्दल एक वाक्य जरी लिहायचं असेल, तरी आधी लंडी वाचा.