पक्षाचा लाडका की मतदाराला चालणारा? सत्तेत असताना नेता निवडायचा तर

सत्ताधारी पक्षाचे तुम्ही सदस्य आहात, पंतप्रधान पायउतार होताहेत आणि नवा नेता निवडण्यासाठी तुमच्याही हातात मतपत्रिका येणार आहे, तर सुरुवातीला रिंगणात कितीही नावं असोत, शेवटी निवड बहुधा दोन प्रकारच्या उमेदवारांत करावी लागते. एक, ज्याचं नाव घेतलं की कार्यकर्त्यांचे डोळे चमकतात. दुसरा, ज्याच्याबद्दल पक्षात फारसा उमाळा नसतो, पण कोणत्याच पक्षाचा नसलेला शेजारी 'हा असेल तर बघू' म्हणतो. पहिल्याला मी लाडका म्हणेन, दुसऱ्याला चालणारा. अर्ज, अनुमोदनं, फेऱ्या हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

ही निवड मी स्वतः केली आहे. मी ब्रिटनमध्ये राहतो, काँझर्व्हेटिव्ह पक्षाचा सदस्य आहे आणि २०२२च्या उन्हाळ्यात पंतप्रधान बोरिस जॉन्सन पायउतार होत असताना लिझ ट्रस आणि ऋषी सुनक यांच्यातून मी सुनक यांना मत दिलं. 'आपला माणूस म्हणून दिलंस ना?' असं मराठी मित्रमंडळींत मला अजून विचारतात. तसं नव्हतं. खरं तर जुलैच्या अखेरीपर्यंत माझा कल ट्रस यांच्याकडे होता, कारण कर कमी असावेत असं मला मनापासून वाटतं आणि त्या ते ठणकावून सांगत होत्या. माझं मत कशामुळे फिरलं ते पुढे सांगतोच.

आधी लाडक्याची बाजू, कारण ती कमकुवत नाही. सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता ज्याच्यासाठी पावसात दारोदार फिरतो, तोच नेता शेवटी निवडणूक लढवू शकतो. २०१९ साली नेतेपदासाठी बोरिस जॉन्सन यांना ९२,१५३ सदस्यांनी मतं दिली आणि जेरेमी हंट यांना ४६,६५६ सदस्यांनी. त्याच डिसेंबरात जॉन्सन यांनी ८० जागांचं बहुमत आणलं. लाडका आणि निवडून येणारा तेव्हा एकच माणूस होता. ज्याच्यावर पक्षाचं प्रेम नसतं त्याचे हाल काय होतात, तेही पाहिलं आहे. पंतप्रधान जॉन मेजर १९९२ साली निवडणूक जिंकूनही १९९५ मध्ये स्वतःच्याच खासदारांना कंटाळले, नेतेपद सोडून पुन्हा निवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले, तरी ८९ खासदारांनी जॉन रेडवुड यांना मत दिलंच. सुनक यांना तर ट्रस यांच्या राजीनाम्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये नेतेपद मिळालं तेच सदस्यांच्या मतदानाशिवाय. पुढची पावणेदोन वर्षं 'तुम्हाला आम्ही कुठे निवडलं?' हा सूर पक्षात कधी पूर्ण थांबला नाही. तुमचा पक्ष आतून दुभंगलेला असेल, तर हा मुद्दा हलका धरू नका.

आता ती एक गोष्ट, जी मला इतकी खटकली की माझं पारडं तिथेच झुकलं. सत्तेत असताना नेता निवडायची जी प्रचारसभा होते, तिथे प्रश्न विचारणारे आपण, ऐकणारे आपण आणि टाळ्या वाजवणारेही आपणच. विरोधी पक्षात असताना याने फार बिघडत नाही. सभेत दिलेला शब्द दोन-तीन वर्षं हवेत राहतो, पत्रकार तो चाळून बघतात, निवडणूक येईतो त्याची धार बोथट होते आणि शेवटी मतदार त्यावर हो किंवा नाही म्हणतो. सत्तेत असताना हा सगळा मधला टप्पाच गायब असतो. आज प्रचारसभेच्या सभागृहात टाळी मिळाली की पुढच्या महिन्यात तो सरकारचा निर्णय. ज्या कोट्यवधी लोकांना त्याचा भार उचलायचा असतो, त्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं.

त्या उन्हाळ्यात लीड्सपासून वेम्बलीपर्यंत १२ सभा झाल्या. मी एका सभेला गेलो, बाकीच्या घरी बसून पाहिल्या. पगारातून कापल्या जाणाऱ्या राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यातली वाढ रद्द करणार, कंपनी कर वाढवणार नाही, असं ट्रस म्हणाल्या की सभागृह दणाणायचं. महागाई १० टक्क्यांवर असताना उसन्या पैशावर करकपात केली तर महागाई आणि व्याजदर आणखी भडकतील, असं सुनक म्हणाले की टाळ्या तुरळक. मी टाळ्या मोजल्या नाहीत, पण खोलीतला फरक कानाला कळतो. मला जास्त त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. या टाळ्यांनी सुनकही हलले. वीज आणि गॅसवरचा व्हॅट काढायला अर्थमंत्री असताना त्यांनी नकार दिला होता. स्पर्धेत मागे पडू लागल्यावर जुलैअखेरीस तेच वचन त्यांनी देऊन टाकलं. म्हणजे सभागृहाची ओढ दोघांनाही लागत होती. एक तिच्याबरोबर वाहत गेला, दुसऱ्याने मूळ मुद्दा तरी सोडला नाही, एवढाच फरक. मला तो पुरेसा वाटला.

याच दिवसांत मी आमच्या भागात पत्रकं वाटत होतो. दारात जी माणसं भेटली त्यांपैकी कंपनी कराचं नाव एकानेही काढलं नाही. सगळे एकच विचारत होते: हिवाळ्यात घर तापवायचं कसं? २६ ऑगस्टला जाहीर झालं की साधारण घराच्या वीज-गॅस बिलाची वार्षिक मर्यादा १,९७१ पौंडांवरून ३,५४९ पौंडांवर जाणार. संध्याकाळी सभागृहात एक देश दिसायचा, दुपारी दारांत दुसरा. माझ्या भागातली काही दारं म्हणजे मतदारांचा कौल नव्हे, हे मान्य. पण उमेदवार यातल्या कुठल्या देशाशी बोलतो आहे, हे ओळखायला तेवढी दारं पुरली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ५ सप्टेंबरला ट्रस यांना ८१,३२६ मतं पडली, सुनक यांना ६०,३९९. २३ सप्टेंबरला ट्रस सरकारचं करकपातीचं मिनी बजेट आलं, पौंड डॉलरसमोर कोसळला, बँक ऑफ इंग्लंड या मध्यवर्ती बँकेला रोखेबाजारात उतरावं लागलं. घरकर्जाचे दर चढले आणि महिनाअखेरीस यूगव्ह या संस्थेच्या एका जनमत चाचणीत विरोधी लेबर पक्ष ३३ अंकांनी पुढे गेला. २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. माझ्या मते २०२४च्या सार्वत्रिक निवडणुकीतला आमचा पराभव तिथेच ठरला. काही मित्र म्हणतात तो जॉन्सन यांच्या काळात लॉकडाउनमध्ये झालेल्या सरकारी पार्ट्यांनीच ठरला होता, आणि त्यांच्याशी मी भांडणार नाही. पण पार्ट्यांचा राग विसरता येतो, घरकर्जाचा हप्ता दर महिन्याला आठवण करून देतो.

सदस्यांच्या हाती निवड दिली की असंच होतं, असा निष्कर्ष मात्र काढू नका. कॅनडात बरोबर उलट घडलं. जानेवारी २०२५ मध्ये जस्टिन ट्रुडो यांनी जात असल्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यांचा सत्ताधारी लिबरल पक्ष चाचण्यांत २० अंकांहून अधिक मागे होता. ९ मार्चला सदस्यांनी मार्क कार्नी यांना ८५.९ टक्के मतं देऊन निवडलं. क्रिस्टिया फ्रीलँड पक्षात कितीतरी वर्षं मुरलेल्या, उपपंतप्रधान राहिलेल्या. त्यांना ८ टक्के मिळाली. कार्नी तोवर कधी खासदारही नव्हते. कार्यकर्त्याच्या मनाला ते बोचलं असणार, पण देशापुढचा प्रश्न ट्रम्प यांच्या टॅरिफचा होता आणि दोन देशांच्या मध्यवर्ती बँका सांभाळलेला माणूस समोर होता. सामान्य ग्राहकावरचा कार्बन कर हे विरोधकांचं मुख्य हत्यार होतं. १४ मार्चला शपथ घेतली त्याच दिवशी कार्नी यांनी तो शून्यावर आणायचा निर्णय केला. हाही पक्षाच्या स्पर्धेत दिलेला आणि लगेच अमलात आलेलाच शब्द, फक्त तो सभागृहाबाहेरच्या माणसाकडे बघून दिलेला होता. २८ एप्रिलच्या निवडणुकीत लिबरलांना ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या. बहुमताला तीन कमी पडल्या, पण चार महिन्यांपूर्वी एवढीही आशा कुणी धरली नव्हती.

मेजर यांचं उदाहरणही मी याच रांगेत ठेवतो. १९९० साली मार्गारेट थॅचर यांच्यानंतर खासदारांनी त्यांना निवडलं तेव्हा ते कुणाचे हिरो नव्हते. पण ज्या पोल टॅक्सने, म्हणजे दर माणशी लावलेल्या कराने, लोक पेटले होते, तो त्यांच्या सरकारने मोडीत काढला आणि १९९२ मध्ये १ कोटी ४० लाखांवर मतं घेऊन पक्षाला पुन्हा सत्तेत आणलं.

तरीही चालणारा निवडला म्हणजे विजय खिशात, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. जपानने दोन्ही बाजूंचे पुरावे दिले आहेत. २०२१ मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या साध्या सदस्यांत तारो कोनो पुढे होते, जनतेतही त्यांचं नाव होतं. पण मुख्यतः खासदारांच्या मतांवर शांत स्वभावाचे फुमिओ किशिदा २५७ विरुद्ध १७० असे निवडून आले आणि महिन्याभरात पक्षाने स्वबळावर बहुमत राखलं. २०२४ मध्ये शिगेरू इशिबा यांनी साने ताकाइची यांना २१५ विरुद्ध १९४ असं हरवलं. इशिबा वर्षानुवर्षं खासदारांत एकटे, पण लोकांत परिचित आणि बऱ्यापैकी आवडते. म्हणजे माझ्या व्याख्येत अगदी चालणारे. तरी महिन्याभरात पक्ष १९१ जागांवर आला आणि आघाडीचं बहुमत गेलं. पक्षनिधीच्या घोटाळ्याचा राग नेता बदलून शमला नाही. लोक ज्या गोष्टीवर चिडले आहेत ती गोष्ट नवा नेता हटवणार नसेल, तर त्याचा चांगला चेहरा फार दिवस पुरत नाही. कार्नी आणि मेजर यांनी ती हटवली, हा मला यातला खरा धागा वाटतो.

म्हणून तुमच्यासमोर दोन नावं आली की लोकप्रियतेच्या चाचण्यांपेक्षा दोन गोष्टी विचारून बघा. पहिली: आपल्याला न आवडणारं असं हा उमेदवार आपल्याला काय सांगतो आहे? काहीच सांगत नसेल तर तो फक्त आपल्याशीच बोलतो आहे, आणि निवडून आल्यावर देशाशी काय बोलायचं हे त्याने अजून ठरवलेलं नाही. दुसरी: सार्वत्रिक निवडणूक कधी घेणार? कार्नी यांनी शपथेनंतर नवव्या दिवशी निवडणूक पुकारली. ब्रिटनमध्ये लेबरचे गॉर्डन ब्राउन २००७ मध्ये पंतप्रधानपदी बिनविरोध आले, शरद ऋतूत निवडणूक घेणार अशी हवा होऊ दिली, मग ऑक्टोबरात माघार घेतली आणि २०१० मध्ये सत्ता गमावली. नवेपणाचा फायदा लवकर ओसरतो. लाडका असो की चालणारा, या प्रश्नावर जो टाळाटाळ करतो त्याच्याबद्दल मी सावध राहीन.

पक्षात फूट पडण्याची खरीच भीती असेल आणि निवडणुकीला तीन-चार वर्षं असतील, तर लाडका निवडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. त्याला चुका सुधारायला वेळ मिळेल. निवडणूक दोन वर्षांच्या आत असेल तर मात्र मी पुन्हा चालणाऱ्यालाच मत देईन, आणि तेही ज्याने सभागृहात एकदा तरी शांतता ओढवून घेतली आहे अशाला.

आणि एक अगदी व्यावहारिक सांगणं. मतपत्रिका आली की लगेच भरून टाकू नका. २०२२ मध्ये मतदान २ सप्टेंबरपर्यंत खुलं होतं, पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच मत देऊन टाकलं होतं. वीज-गॅसच्या मर्यादेचा आकडा आला तो २६ ऑगस्टला. त्या आकड्यानंतर दोन्ही उमेदवार काय म्हणाले हे ऐकून मत देणारे आमच्यात फार थोडे उरले होते.