गच्चीतलं ऊन की टेबलावरचा दिवा?

रात्री तीनशिवाय डोळा लागत नाही म्हणून भाचा विचारत होता: मामा, झोप लवकर लागावी म्हणून सकाळी गच्चीत उन्हाला जाऊ की तो दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा घेऊ?

ऊन फुकट, दिवा काही हजारांचा. प्रकाशाचं म्हणाल तर घरातली ट्यूबलाइट शे-तीनशे लक्स, बाहेर ढगाळ सकाळीही हजारांत. दिव्यासमोर अर्धा तास हातभर अंतरावर बसावं लागतं. जरा लांब सरकवला की जोर झपाट्याने उतरतो. वेळ दोन्हींची एकच, उठल्या उठल्या. संध्याकाळी असा प्रकाश घेतला तर झोप आणखी पुढे जाते.

त्याला म्हटलं, चहा गच्चीत पी, फक्त सूर्याकडे टक लावू नकोस. डिसेंबरात लंडनला आठच्या सुमारास सूर्य उगवतो, तिथल्यांनी खुशाल दिवा घ्यावा. डोळ्यांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून.