लाटेक : प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षकाचा अनुभव

सांगलीत विश्रामबागेत मी बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. सराव प्रश्नपत्रिका पूर्वी मी बाहेरून टाइप करून घेत असे. एकदा त्यात ‘क्ष’चा घातांक २ खाली ओळीत उतरला, वर्गसमीकरणाचे रेषीय समीकरण झाले आणि अख्ख्या वर्गाने तेच सोडवले. त्यानंतर मी लाटेक शिकायला घेतले. साध्या मजकुरात लिहिलेल्या आज्ञांवरून छपाईयोग्य पान, विशेषतः गणिती सूत्रे, जुळवून देणारी ही संगणक प्रणाली.

स्वतःच्या पुस्तकाची निकृष्ट मुद्रिते पाहून संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीचे काम हाती घेतले आणि पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारले. मूळ फाइल म्हणजे निव्वळ साधा मजकूर असतो. दोन $ चिन्हांमध्ये सूत्र लिहायचे, घातांकाआधी ^ द्यायचे, अपूर्णांकासाठी ‘फ्रॅक’ ही आज्ञा देऊन एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद ठेवायचा. छेदात वर्गमूळ आणि त्याच्या पोटात आणखी एक अपूर्णांक असला, तरी रेघेची लांबी आणि मूळचिन्हाची उंची अचूक जुळते. साधे कंस मात्र आपोआप वाढत नाहीत, त्यांना ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ सांगावे लागते, हे मला फार उशिरा कळले.

खरी फजिती झाली ती % या चिन्हाने. चक्रवाढ व्याजाच्या उदाहरणात ‘१२%’ लिहिले आणि त्या ओळीतला पुढचा मजकूर छापून आलाच नाही. चूक झाल्याचा संदेशही नाही. लाटेक % नंतरचा त्या ओळीतला मजकूर लिहिणाऱ्याची खासगी टीप समजून वगळते, म्हणून त्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. जिथे संदेश येतात, तिथेही ते नवख्याला बुचकळ्यातच टाकतात.

मराठी मजकुरासाठी झीलाटेक हे इंजिन (फाइलचे छापील पान बनवणारा प्रोग्राम) निवडून देवनागरी फाँट आणि लिपी दोन्ही स्पष्ट नोंदवावी लागतात, नाहीतर जोडाक्षरे फुटतात. लाटेक मोफत आहे, पण पूर्ण संच संगणकावर कित्येक जीबी जागा अडवतो. त्यामुळे सुरुवात ब्राउझरमध्येच लाटेक वापरू देणाऱ्या ओव्हरलीफ या संकेतस्थळावर करणे बरे.

पहिल्या पत्रिकेला तीन रात्री लागल्या होत्या, आता दीड तास पुरतो. पाचवीच्या मुलांसाठी बेरजा-वजाबाक्यांचा कागद हवा असेल, तर मात्र मी अजूनही पेनच उचलतो.