भांडलेल्या दोन मांजरांसाठी जाळीचं दार आणि फेरोमोन डिफ्युझर: पाच महिन्यांच्या वापरानंतर

फेरोमोन म्हणजे मांजरं एकमेकांना खूण म्हणून सोडतात तो वास, आणि डिफ्युझर म्हणजे त्याची नक्कल हवेत सोडणारं, प्लगला लावायचं यंत्र. वापराची परिस्थिती आधी सांगतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, नसबंदी झालेली दोन प्रौढ मांजरं, आधी एकाच उशीवर झोपणारी. दिवाळीत फटाक्याला घाबरून एकाने दुसऱ्यावर झडप घातली आणि तिथून रोजची झोंबाझोंबी सुरू झाली. वड्याचं तेल वांग्यावर निघतं तसा हा प्रकार. खिडकीबाहेर भटका बोका दिसला तरी असंच होतं. डॉक्टरकडून परतलेल्या मांजराला दवाखान्याचा वास येतो, म्हणून घरातलं मांजर त्याला परकं समजतं, तेव्हाही हेच. कारण सापडत नसेल तर आधी तपासणी करून घ्या. दातदुखी किंवा लघवीचा त्रास असलेलं मांजरही जवळ येणाऱ्याला फटका मारतं, आणि अशा वेळी खालचं कुठलंही सामान उपयोगी नाही.

‘आपसांत मिटवतील’ हा सल्ला मांजरांच्या बाबतीत चुकीचा आहे. कुत्र्यांसारखी भांडणानंतर समेट करण्याची सवय त्यांना फारशी नसते. प्रत्येक मारामारीने भीती अजून पक्की होते, म्हणून पहिल्याच दिवशी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं.

जाळीचं दार (५ पैकी ५). पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर इथे घाला. ॲल्युमिनियमची चौकट आणि स्टीलची जाळी सांगा. डासांची फायबरची जाळी नख्यांपुढे टिकत नाही आणि चुंबकाचा पडदा मांजर डोक्याने ढकलून पार करतं. लहान मुलांचं अडीच-तीन फुटी गेटही नको, ते एका उडीचं काम आहे. दार पूर्ण उंचीचं हवं. लाकडी दार आत उघडत असेल तर जाळीचं बाहेर उघडणारं बसवा, म्हणजे दोन्ही राहतात. सुताराला मुद्दाम सांगायची गोष्ट म्हणजे खालची फट २ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवायची. फटीतून पंजे घालून केलेली मारामारीसुद्धा मारामारीच असते.

जाळीवर सुरुवातीला जुनी चादर चिमट्यांनी पूर्ण लावायची. दोघांच्या वाट्या दोन्ही बाजूंना, दारापासून २ मीटरवर. दोघांनी वाटी शांतपणे संपवली तर पुढच्या जेवणाला १५ सेंटीमीटर जवळ. एकाने जरी खाणं थांबवून दाराकडे नजर रोखली, तर आधीच्या अंतरावर मागे. वाट्या दाराला लागल्या की चादर दर दोन-तीन दिवसांनी १० सेंटीमीटर वर. इथे घाई केली की हमखास बिघडतं, आणि बिघडलं की दोन आठवडे मागे जातं. फिसकारण्याची फार काळजी करू नका. ‘लांब राहा’ एवढंच ते म्हणणं असतं. खाणं सुटणं आणि कान पाडून एकटक बघणं हे खरे इशारे. भित्र्या मांजराच्या चालीने चालायचं, धीट मांजराच्या नाही.

कोरडा खाऊ दिवसभर भरून ठेवलेला असेल तर ही युक्ती चालत नाही, कारण मांजर भुकेलं नसतं. ठरलेल्या वेळी दिवसातून दोन-तीनदा द्या. पण उपाशीही ठेवू नका. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा. अंगाने जाड मांजराच्या यकृताला उपासाने गंभीर इजा होते.

सुती मोजा (फुकट, आणि डिफ्युझरहून सरस). गालावर आणि हनुवटीवर वासाच्या ग्रंथी असतात. तिथे मोजा घासून तो दुसऱ्याच्या वाटीजवळ ठेवायचा, धुवायचा नाही. हुंगून निघून गेलं तर उत्तम. त्यावर फिसकारलं तर वाटीपासून लांब सरकवा. रोज तासभर खोल्यांची अदलाबदलही करा, समोरासमोर न आणता.

फेरोमोन डिफ्युझर (५ पैकी ३). अनेक मांजरांच्या घरासाठीचा प्रकार घ्या, एकट्या मांजराचा वेगळा असतो. एका यंत्राची मजल साधारण ५० ते ७० चौरस मीटर. रिफिल ३० दिवसांचं, आणि यंत्र दर सहा महिन्यांनी बदलायचं. २४ तास चालू ठेवावं लागतं. सोफ्यामागच्या किंवा पडद्याआडच्या बोर्डावर लावलं तर पैसे वाया. बाटली उभीच हवी, म्हणून आडव्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. दिसायला सारखं असलं तरी डासांच्या मशीनमध्ये हे रिफिल बसवू नये. पहिल्या महिन्यात फरक जाणवला तो एवढाच की भित्रं मांजर पलंगाखालून लवकर बाहेर यायला लागलं. एकट्या डिफ्युझरने भांडण मिटत नाही. आणि त्याऐवजी ‘सुगंधी तेल’ तर मुळीच वापरू नका, अनेक तेलं मांजरांना विषारी असतात.

लिटर ट्रे (मांजरांच्या शी-शूचे) तीन लागतात, आणि वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले तीन म्हणजे मांजराच्या हिशोबी एकच, कारण एक मांजर तिन्हींची वाट अडवू शकतं.

समोरासमोरची पहिली भेट आठव्या आठवड्यात झाली, ३ मिनिटांची. दोघं भुकेले, दोन माणसं, दोघांच्या हातात चाटायच्या ट्रीटचं एकेक पाऊच. पाऊच संपायच्या आत भेट संपवायची, म्हणजे पुढच्या भेटीला मांजर आपणहून येतं. हाताशी २ बाय ३ फुटांचा पुठ्ठा ठेवा. नजर रोखली गेली की मध्ये सरकवायचा. हात कधीही घालू नये, मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर पिकतो. लेझर लाइट नको, त्यात पकडायला काही नसतं आणि ती चिडचिड शेजारच्यावर निघते.

बाराव्या आठवड्यात अर्धा दिवस एकत्र, चौथ्या महिन्यात रात्रीही. मध्ये एकाला लसीसाठी नेलं आणि परतल्यावर थेट एकत्र सोडलं, तिथे दहा दिवस गेले. आल्यावर निदान एक रात्र जाळीमागे ठेवायला हवं होतं.

आता दोघं एका सोफ्यावर बसतात, मध्ये हातभर अंतर ठेवून. पूर्वीसारखं अंग चाटणं नाही, बहुधा येणारही नाही. डिफ्युझर पाचव्या रिफिलनंतर बंद करतोय. जाळीचं दार तसंच राहणार. फटाक्यांच्या रात्री ते संध्याकाळी सहालाच लावून घ्यायचं.