'बी' काढून 'स्ट्राँग' लावला, रँकिंगचं काय झालं? आठ महिन्यांनंतर

माझी गडकिल्ल्यांवरची छोटीशी साइट आहे, साठेक लेखांची. गेल्या नोव्हेंबरात एका एसइओवाल्याने (साइट शोधात वर आणून देणाऱ्याने) सांगितलं, तुमचं एचटीएमएल 'सिमँटिक' नाही, म्हणजे कुठला मजकूर मथळा, कुठला महत्त्वाचा हे टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणा, सांगत नाहीत, म्हणून गूगल तुम्हाला खाली ढकलतंय. त्याचं कोटेशन बघितलं आणि ते काम घरीच करायचं ठरवलं.

आधीची अवस्था अशी: मथळे म्हणजे मजकूर ठळक करून फॉन्ट मोठा केलेला. डिव्हच्या, म्हणजे काहीच अर्थ न सांगणाऱ्या चौकटीच्या, पोटात डिव्ह. एच१ मध्ये, म्हणजे पानाच्या मुख्य मथळ्याच्या टॅगमध्ये (त्याखालचे एच२, एच३ हे उपमथळे), साइटचा लोगो, आणि लेखाचं नाव बिचारं साध्या परिच्छेदात.

निम्मेच लेख बदलले, निम्मे मुद्दाम तसेच ठेवले. ट्रेकच्या साइटवर जूनचा पहिला पाऊस पडला की क्लिक आपोआप वाढतात. समोर न बदललेले लेख नसते, तर मीही ते सगळं श्रेय टॅगला देऊन मोकळा झालो असतो.

पहिल्या फेरीत फक्त 'बी'च्या जागी 'स्ट्राँग' (दोन्ही मजकूर ठळक करतात) आणि 'आय'च्या जागी 'ईएम' (दोन्ही तिरका करतात). तीन महिने सर्च कन्सोल (साइट शोधात कितव्या क्रमांकावर येते, किती क्लिक होतात हे दाखवणारं गूगलचं साधन) उघडून बघत होतो. ढिम्म. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या मॅट कट्सनी २०१३ मध्येच एका व्हिडिओत सांगितलंय की बी आणि स्ट्राँग त्यांना सारखेच. आधी बघितला असता तर तीन रविवार वाचले असते. 'ईएम'ने तर देवनागरी विद्रूपच केली: शिरोरेषा जागेवर आणि काने कलंडलेले. शेवटी सीएसएसमधून (पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या कोडमधून) तिरकेपणा काढून टाकला.

मथळ्यांच्या फेरीत मात्र काहीतरी हललं. 'इतर माहिती' असा ठळक मजकूर होता, त्याचा एच२ केला आणि शब्दही बदलले: 'पाचनईच्या वाटेवर पाणी कुठे मिळतं'. असे बदललेले लेख नेमक्या तशाच शोधांना वर यायला लागले. मग शंका आली, हे टॅगमुळे की शब्दांमुळे? चार लेखांत जुनेच शब्द ठेवून नुसता एच२ लावून बघितला. ते चारही होते तिथेच राहिले. माझ्यापुरता निकाल लागला, चार लेखांवर लागतो तेवढा. एच२ नंतर एच४ आला तर काय, याचीही धास्ती होती. गूगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय की मथळ्यांचा क्रम चुकला तरी शोधाला फरक पडत नाही.

एच१ चा फायदा वेगळा झाला. ऑगस्ट २०२१ पासून गूगल निकालातलं शीर्षक बनवताना पानावरच्या मुख्य मथळ्यालाही जास्त विचारात घेतं. लोगो तिथून हलवून लेखाचं नाव ठेवल्यावर बऱ्याच निकालांत साइटच्या नावाऐवजी गडाचं नाव दिसायला लागलं. क्रमांक तोच, क्लिक थोडे जास्त.

सगळ्यात जास्त गुण एसटीच्या वेळापत्रकाला आला. आधी स्टँडवरच्या फलकाचा फोटो टाकला होता. त्याची खरीखुरी टेबल केली, वर स्तंभांची नावं दिली, आणि राजूरच्या एसटीबद्दल विचारणाऱ्यांना ते पान सापडायला लागलं. यात जादू नाही, फोटोतलं आता मजकुरात आलं.

आणि 'लँग', म्हणजे पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी कोडमधली खूण. माझी साइट वर्डप्रेसवर बनवलेली आहे. वर्डप्रेसची भाषा इंग्रजी ठेवल्यामुळे माझी सगळी मराठी पानं 'मी अमेरिकन इंग्रजी आहे' असं सांगत होती. गूगल भाषा मजकुरावरून ओळखतं, या खुणेकडे बघत नाही, त्यामुळे रँकिंगला शून्य फरक. पण साइटची भाषा मराठी केली (डॅशबोर्ड हवा तर प्रोफाइलमधून इंग्रजीच ठेवता येतो) आणि दुसऱ्या दिवशी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसले! नोटोसारख्या फॉन्टमध्ये ती सोय असते, फक्त पान मराठी आहे हे कुणीतरी सांगावं लागतं.

माझा एक मित्र डोळ्यांनी बघू शकत नाही, एनव्हीडीएवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ऐकून वाचतो. 'एच' दाबला की पुढचा मथळा. पूर्वी माझ्या लेखात एच दाबून काहीच हाती लागायचं नाही, मेनूपासून सगळं ऐकावं लागायचं. आता तो थेट 'पाणी'वर जातो, आणि वाचणारा आवाजही मराठी लागतो. मार्चमध्ये त्याचा फोन आला, "अरे, मध्येच नुसतं 'हेडिंग लेव्हल टू' म्हणतं आणि गप्प बसतं." बघितलं तर दोन परिच्छेदांत जागा सोडायला मी रिकामे एच२ टाकून ठेवले होते. एकोणीस निघाले. उरलेले तीस लेख गणपतीनंतर घेणार आहे, या वेळी आधी त्याला ऐकवून.