आइक, सॅकाजवीया की प्रेसिडेंशियल: कुठला डॉलर घ्यायचा?

अमेरिकेहून आलेल्या भाच्याने पिवळा डॉलर हातावर ठेवला की घरात पहिला प्रश्न ठरलेला, सोन्याचा आहे का रे? नाही हो. आत तांबं, वरून मँगनीज ब्रास, सोनं शून्य. तरी 'गोल्ड डॉलर' म्हणून वाट्टेल त्या भावाला गळ्यात मारणारे भेटतात, तेव्हा जरा सांभाळून.

1971 पासूनच्या डॉलरच्या नाण्यांमध्ये पैसे घालायचेच असतील तर खरी निवड तिघांत आहे. सुसान बी. अँथनी या बाईंचं चित्र असलेला मी बाजूलाच ठेवतो, तो क्वार्टरसारखा (25 सेंटच्या नाण्यासारखा) दिसतो म्हणून खुद्द अमेरिकनांनाच नकोसा झाला, आणि 1979 चा पी मार्कवाला (पी ही फिलाडेल्फिया टांकसाळीची खूण, म्हणजे मिंटमार्क), ज्यात साल काठाला अगदी खेटून आहे, तेवढा सोडला तर वापरातली साधी नाणी एका डॉलरच्याच भावाची.

आयझेनहॉवर, म्हणजे आइक, या अमेरिकन अध्यक्षाचं चित्र असलेला, 1971 ते 78. चांगलं 38 मिमीचं दणदणीत नाणं. याच्यात दोन प्रकार आणि सगळी गंमत तिथेच आहे. साधा तांबं-निकेलचा, वजन 22.68 ग्रॅम, आणि 40 टक्के चांदीचा, 24.59 ग्रॅम. ओळखायचं कसं तर नाणं आडवं धरून कड बघा, साध्याला तांब्याची लाल रेघ ठळक दिसते, चांदीवाल्याला तशी दिसत नाही. शंका असेल तर सराफाच्या काट्यावर ठेवा, दोन ग्रॅमचा फरक लपत नाही. नुसता एस मार्क (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा) बघून चांदी आहे म्हणून पैसे मोजू नका, कारण 1977 आणि 78 चे एस प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेले, साधेच आहेत. चांदीचे 1971 ते 74 चे निळ्या पाकिटात किंवा ब्राउन बॉक्समध्ये विकले गेले, 1776-1976 असं दुहेरी साल असलेलेही एस मार्कचे चांदीचे आले, पण त्यातही साधे आहेतच. चांदी साधारण 9.8 ग्रॅम भरते, त्यामुळे आजच्या रेटने गुणलं की खालचा भाव तुमचा तुम्हालाच कळतो.

सॅकाजवीया, म्हणजे याच नावाच्या अमेरिकन आदिवासी स्त्रीचं चित्र असलेला पिवळा डॉलर, 2000 पासून. 26.5 मिमी, 8.1 ग्रॅम. एकट्या 2000-पी चे 76 कोटींच्या वर पाडले, म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही. पण चिरिओज या नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांतून जे 5,500 वाटले, त्यातल्या काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसं जास्त बारकाईने कोरलेली आहेत, आणि ते हजारो डॉलरला जातात. तुमच्याकडे असायचा चान्स फार कमी, पण लुपने (भिंगाने) बघायला काय जातंय! 2009 पासून साल आणि मिंटमार्क कडेवर गेले, ते समोर शोधत बसू नका.

प्रेसिडेंशियल, म्हणजे अमेरिकन अध्यक्षांची चित्रं असलेले पिवळे डॉलर, 2007 ते 2016, शिवाय 2020 ला एक. इथेही साल, मिंटमार्क कडेवरच. 2007 च्या वॉशिंग्टनमध्ये बरेच पीस कडेवर अक्षरं न उमटताच बाहेर पडले, कड एकदम गुळगुळीत, आणि त्याला डॉलरपेक्षा बरीच जास्त किंमत येते. पण कोणी कड घासून अक्षरं काढलेली नाहीत ना ते बघा, घासलं की वजन आणि व्यास दोन्ही कमी भरतात. अक्षरं उलटी आहेत म्हणून 'एरर' सांगून कोणी जास्त मागत असेल तर सरळ निघा, ती दोन्ही बाजूंनी उमटतात, नॉर्मल आहे. 2012 पासूनचे बाजारात वापरासाठी सोडलेच नाहीत, फक्त संग्राहकांना विकले, पण तेवढ्यावरून फार महाग समजू नका.

माझं विचाराल तर विकत घ्यायचा असेल तर निळ्या पाकिटातला आइक, कारण त्यात निदान चांदी तरी आहे. फुकट मिळालेले पिवळे ठेवून द्या, फक्त वॉशिंग्टनची कड एकदा बघा. आणि कुठलाही असो, पितांबरी लावून चकचकीत करू नका, संग्राहक घासलेल्या नाण्याचा भाव तिथल्या तिथे पाडतात. साधा पीस ग्रेडिंगला (कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवायच्या फंदात तर पडूच नका, फी आणि कुरिअरच नाण्याच्या कितीतरी पट होईल.