गोड कॅव्हेंडिश की साधी व्हर्जिनिया?

व्हॅनिला-चेरीच्या वासाची कॅव्हेंडिश ही पाइपची तंबाखू ओढता ओढता पुढे नुसता वासच उरतो, चव लागेनाशी होते. मग मन वरून वास न लावलेल्या व्हर्जिनिया तंबाखूकडे वळतं. निपाणीची तंबाखू हा तिला पर्याय नाही. ती विडीची, उन्हात वाळवलेली, फार कडक.

कॅव्हेंडिश आणि व्हर्जिनियात खरा फरक ओलाव्याचा. कॅव्हेंडिशमध्ये बहुधा ओल धरणारं प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. म्हणून पाइप गुरगुरतो आणि वाफेनं जीभ भाजते. बेळगावच्या पावसाळ्यात ती कागदावर अर्धा तास पसरूनही पुरती सुकत नाही. व्हर्जिनियानं जीभ चुरचुरते ती तिच्यातल्या साखरेमुळे, घाईनं ओढली की. झुरके लहान, सावकाश घ्यावेत. तंबाखूचे दाबलेले चपटे तुकडे असतील, तर हातानं चोळून मोकळे करावेत. पाइप तळाशी सैल, वर जरा घट्ट भरावा.

साठवणीत व्हर्जिनिया सरस: हवाबंद काचेच्या बरणीत ती वर्षानुवर्षं मुरते, कॅव्हेंडिशचा वास मात्र उडतो. तो वास पाइपातही मुरतो, म्हणून दोघींना वेगळे पाइप हवेतच. निकोटिन दोन्हीत आहे. गोड वास म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

घरच्यांना वास सुसह्य हवा, ओढणं क्वचितच, तर कॅव्हेंडिश. पानाचीच चव हवी आणि हाताशी निवांत तास असेल, तर व्हर्जिनिया.